हॉट सीट, बाइंडर आणि आठ अनोळखी माणसं

"मग, या वर्षी तरी कोर्टात उभा राहिलास का?" दर फोनवर मामांचा हाच प्रश्न. अमेरिकेत पेटंटचे खटले लढवतोय त्याला अकरा वर्षं झाली, आणि ज्यूरीसमोर मी उलटतपासणी घेतली ती फक्त दोनदा. मामांना हे पटत नाही. पण बहुतेक दावे ज्यूरीपर्यंत पोचतच नाहीत. वाटेतच तडजोड होते, नाहीतर न्यायाधीश निकाली काढतात. ट्रायल लॉयर म्हणवणाऱ्यांची उमर जाते ती डिपॉझिशनमध्ये: बंद खोली, न्यायाधीश नाही, शपथेवर साक्ष, समोर कॅमेरा. नियमाने एका साक्षीदारासाठी १ दिवस, ७ तास. सहाव्या तासाला इंजिनिअर दमतो आणि खरं बोलून जातो, असं आमच्यातले मुरलेले वकील सांगतात. मी मात्र त्या वेळी त्याच्याआधी दमलेला असतो.

पुण्यामुंबईकडच्या वाचकांना ज्यूरी म्हटलं की १९५९चा नानावटी खटला आठवतो. ती पद्धत तिकडे कधीच गेली. इथे राज्यघटनेची सातवी दुरुस्ती दिवाणी दाव्यातही ज्यूरीचा हक्क देते. चिपमधली अमुक रचना कुणाच्या पेटंटमध्ये बसते, हे ठरवतात निवृत्त शिक्षिका, प्लंबर, दुकानातला कॅशिअर. निदान ६ जण, आणि तेही एकमताने. २०१२ साली सॅन होजेच्या ज्यूरीने सॅमसंगला १०० कोटी डॉलरच्या वर भरपाई अ‍ॅपलला द्यायला सांगितली, तेव्हा त्यांच्यापुढे शेकडो प्रश्नांचा फॉर्म होता. तीन दिवसांत त्यांनी तो भरला. ते भांडण पुढे २०१८पर्यंत चाललं, ही गोष्ट वेगळी.

पेटंटमधल्या शब्दांचा अर्थ मात्र न्यायाधीशच ठरवतात. १९९६च्या मार्कमन निकालापासून त्या सुनावणीलाच 'मार्कमन' म्हणतात. 'जोडलेला' या एका शब्दावर आम्ही चार महिने कागद काळे केलेत.

टेक्सासमधल्या मार्शल या छोट्या गावाचं नाव या धंद्यात सगळ्यांना पाठ. २०१५ साली देशातल्या पेटंट दाव्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त दावे तिथल्या फेडरल कोर्टाच्या जिल्ह्यात दाखल झाले. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा कुठे लावायचा यावर लगाम घातला आणि गर्दी बरीचशी डेलावेअरकडे सरकली.

माझी दुसरी ट्रायल मेमरी चिपची होती. त्याआधी सरावासाठी आम्ही पैसे देऊन काही माणसं आणली आणि खोटी ज्यूरी बसवली. मी चाळीस स्लाइड दाखवल्या. शेवटी एक निवृत्त बसचालक बाई म्हणाल्या, "म्हणजे पुढची बस स्टॉपवरून हलेपर्यंत मागचीने थांबायचं, एवढंच ना?" एवढंच. चाळीस स्लाइड गेल्या, त्यांची बस राहिली. खऱ्या ट्रायलमध्ये ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या निवेदनात, आमच्या फर्मच्या पार्टनरबाईंनी ती बस चालवली, हॉट सीटवरच्या, म्हणजे पडद्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलाने क्षणात चित्र पडद्यावर आणलं, आणि ज्यूरीतले दोघे मान डोलवू लागले. तिसऱ्या दिवशी समोरच्या वकिलाने आमच्या तज्ज्ञाला शांतपणे विचारलं, "या बसमध्ये ड्रायव्हर कोण?" आमच्या पेटंटमध्ये ड्रायव्हर नव्हताच! तज्ज्ञाने पाणी प्यायलं. मी कागदपत्रांच्या बाइंडरमध्ये डोकं घातलं.

विज्ञानाची पदवी लागते का, असं बरेच जण विचारतात. पेटंट कार्यालयापुढे काम करायला लागते, कोर्टात लढायला नाही. मी इंजिनिअर आहे, आणि ज्यूरीसमोर तीच माझी अडचण होते.

त्या खटल्याचा निकाल लागलाच नाही. शेवटच्या युक्तिवादाच्या आदल्या रात्री साडेअकराला पक्षकारांनी तडजोड केली. सकाळी न्यायाधीशांनी आठही जणांचे आभार मानून त्यांना घरी पाठवलं. सगळे दिवस एकसारखं लिहीत असलेल्या पहिल्या रांगेतल्या आजोबांनी आपली वही कारकुनाकडे दिली. ज्यूरीच्या वह्या नंतर नष्ट करतात. त्यांनी बसबद्दल काय लिहिलं होतं, ते मला अजून वाचायचंय.