मिठाची जकात आणि आरमाराच्या वराता

शिवकालीन पत्रांची विषयवार सूची करताना एके दिवशी दोन पत्रांच्या नकला लागोपाठ समोर आल्या आणि ‘व्यापार’, ‘लष्कर’ असे आखलेले रकाने निरुपयोगी ठरले.

पहिले पत्र 1671चे, कुडाळच्या सुभ्यावरच्या नरहरी आनंदरावांना. आधी सन लावायचा. पत्रात शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातले वर्ष, अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. इसन्ने म्हणजे 2, सबैन 70, अलफ 1000. शुहूर सन 1072. इसवी सन काढायला मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळे घाईत ‘सबैन’चे ‘तिसैन’ (90) वाचले, तर वीस वर्षांचा फरक पडतो आणि शिवाजी महाराजांचे पत्र राजाराम महाराजांच्या काळात जाऊन पडते. म्हणून सन लावला की पत्रातल्या माणसांशी तो ताडून पाहायचाच.

मजकूर मिठाचा आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या, गोव्याच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते आणि व्यापारी तिकडे वळत होते. महाराजांनी मीठ आणायला बंदी घातली नाही. आपल्या संगमेश्वराकडे मीठ काय भावाने पडते ते पाहा आणि बारदेशचे त्याहून महाग पडेल इतकी जकात बसवा, असा हुकूम आहे. घाटावरचे बैलांचे तांडे मिठासाठी खाली उतरत. मिठासाठी त्यांनी वाट बदलली, की त्यांच्याबरोबरचा बाकीचा व्यवहारही त्याच वाटेने जाणार. हा हिशेब इतका नेमका आहे की ते पत्र मी निव्वळ त्यासाठी पुन्हा वाचले.

दुसरे पत्र प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना. जंजिऱ्याच्या सिद्दीसमोर समुद्रात पद्मदुर्ग हा किल्ला उभा करायचा होता. आरमाराचे अधिकारी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा व धान्य मिळावे म्हणून मोरोपंत पेशव्यांनी या सुभ्यावर वराता दिल्या होत्या. वरात म्हणजे एका ठिकाणच्या वसुलावर काढलेली देणे भागवण्याची चिठ्ठी. तिच्यात एक मोठी अडचण असते: लिहिणारा एक, देणारा दुसरा. कागदावर रक्कम मंजूर, पण सुभेदाराने हात आखडला की खडकावरच्या माणसांना दाणा नाही. समुद्रातल्या किल्ल्याला तर पाणी आणि लाकूडफाटासुद्धा होडीतून न्यावा लागतो. जिवाजी विनायकांनी काहीच पोचवले नाही. सिद्दीने वश केले की काय, असा संशय पत्रात उघड बोलून दाखवला आहे, आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, ही ताकीदही.

पहिल्या पत्रात सुभ्याने जकात कशी बसवायची ते आहे, दुसऱ्यात सुभ्याच्या वसुलातून आरमाराला काय पोचायला हवे होते ते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात हा धागा आणखी स्पष्ट होतो. एका सुभ्यात पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि पंधरा गलबते (त्याहून लहान जहाजे) असावीत, पण त्यांचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर लावू नये. मुलुखातून नेमून द्यावा. कारण बंदरावर पोट असलेले आरमार सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, उपद्रव देते आणि बंदर ओस पडते. माझ्या मते मराठ्यांच्या दर्यावरच्या राज्यकारभाराचा गाभा या कलमात आहे, आणि लढायांच्या वर्णनांत नेमका तोच हरवतो.

दोन्ही पत्रे मी दोन्ही रकान्यांत नोंदवली आणि ‘वसूल व वराता’ असा तिसरा रकाना उघडला.