ढोलीतली महाधनेश

आज दुपारी ऊन इतकं रणरणत होतं की सोलापुरात कुणी घराबाहेर पडेना. तेवढ्यात भावानं कर्नाटकातल्या दांडेलीच्या जंगलातून महाधनेश या अवजड चोचीच्या पक्ष्याचा व्हिडिओ पाठवला. आईनं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरून विष्ठा आणि फळांच्या चोथ्यानं दार लिंपून घेते. उरते चोचीपुरती फट. आत एक-दोन अंडी, ३८ ते ४० दिवस उबवणं, त्यातच तिची उडायची पिसंही झडतात. सगळी मदार नरावर. तो उंबर, वडाची फळं गळ्यात भरून आणतो. मानेला हिसका देत एकेक फळ चोचीच्या टोकाशी येतं आणि ती अवजड चोच ते किती अलगद आत सरकवते!

"डोहाळे पुरवतोय बघ," आई म्हणाली. मग जरा थांबून, "त्याला कुणी मारलं तर गं?"

तर आतल्यांची उपासमार. म्हणून नराची शिकार ऐकली की जीव तुटतो. शिवाय त्यांना स्वतः ढोली कोरता येत नाही, जुनी थोराड झाडंच लागतात. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी दिसेनासा होताना पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या महिन्यात आईला दांडेलीला न्यायचं ठरलंय.