जर्सीसाठी लोगोची बॅकग्राउंड काढताना: खरं काम कडेचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कबड्डी-क्रिकेट संघांचे लोगो माझ्याकडे बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर येतात, तेही ग्रुपच्या डीपीवरून काढलेले. पाचसहाशे पिक्सेलचा जेपीजी आणि भोवती पांढरा चौकोन. छातीवरच्या 3 इंची लोगोला तो एकवेळ चालतो. पाठीवर 10 इंच हवा असेल तर 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 3000 पिक्सेल लागतात, तिथे काही खरं नाही. म्हणून आधी विचारतो, मंडळाचा फ्लेक्स केला त्याच्याकडे सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची मूळ फाइल, आहे का? असेल तर कोरलमध्ये मागचा चौकोन सहसा सुटा असतो. तो डिलीट करायचा आणि पीएनजी एक्स्पोर्ट करताना ट्रान्सपरंटवर टिक करायची. संपलं.

जेपीजीच हाती असेल तर मी गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. लेयरवर राइट क्लिक करून आधी ‘अॅड अल्फा चॅनल’ (अल्फा म्हणजे पारदर्शकतेची नोंद). हे राहिलं की डिलीट दाबल्यावर जागा पारदर्शक होत नाही, नुसता बॅकग्राउंडचा रंग भरतो. मग फझी सिलेक्टने बाहेरच्या पांढऱ्यावर क्लिक. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जवळपासचे रंग धरायचे तो आकडा, सुरुवातीला 15 असतो, पण जेपीजीत अक्षरांभोवती करड्या ठिपक्यांची धूळ असते, ती धरायला 30-40 पर्यंत जावं लागतं. फार वाढवला तर लोगोची फिकट पिवळी किनारही सोबत जाते.

‘सिलेक्ट बाय कलर’ मात्र इथे टाळावं. ते चित्रातलं सगळं पांढरं एकदम उचलतं, म्हणजे लोगोत वाघ असेल तर त्याचे दात आणि डोळेही गेले. फझी सिलेक्ट फक्त सलग भाग घेतं, त्यामुळे अक्षरांच्या पोटातलं पांढरं तसंच राहतं. आपल्याकडे लोगोवर मराठी आणि कानडी दोन्ही नावं असतात, तेव्हा हे जास्त जाणवतं: ‘ब’, ‘व’ची पोटं तर आहेतच, शिवाय कानडी अनुस्वार हे पोकळ वर्तुळ, आणि बारीक अक्षरात ते हमखास नजरेतून सुटतं. शिफ्ट दाबून एकेका पोटात क्लिक करावं. ऑनलाइन एका क्लिकवर बॅकग्राउंड काढणाऱ्या साइट माणसांच्या फोटोला बऱ्या. अशा लोगोत त्या दात खातात आणि पोटं ठेवतात.

आता कड. कडेचे पिक्सेल लोगोचा रंग आणि पांढरा यांचं मिश्रण असतात. नुसतं डिलीट केलं की गडद निळ्या जर्सीवर भोवती पांढरी रेघ उमटते. त्यासाठी डिलीट न करता सिलेक्शन ‘ग्रो’ने 2 पिक्सेल वाढवायचं आणि कलर्स मेनूतलं ‘कलर टू अल्फा’ पांढऱ्यावर चालवायचं. ते मिश्रणातला पांढरा तेवढा काढून घेतं. अख्ख्या लेयरवर चालवू नये. लाल 255, हिरवा 153, निळा 51 असा भगवा घेतला तर त्यातही पांढऱ्याचा अंश असतो. तो निघाला की भगवा जेमतेम 80 टक्के अपारदर्शक उरतो आणि काळ्या कापडावर मळकट दिसतो.

खाली गडद निळा आणि एक लाल लेयर टाकून आलटून पालटून बघावं. राहिलेले ठिपके पांढऱ्यावर कधीच दिसत नाहीत. गुगलवरून आणलेला ‘पारदर्शक’ पीएनजीही इथेच पकडला जातो: पारदर्शक भाग दाखवणाऱ्या करड्या-पांढऱ्या चौकटी जशाच्या तशा दिसल्या तर त्या चित्रातच रंगवलेल्या आहेत.

पुढचं कुठे लावणार त्यावर. यूट्यूब लाइव्हच्या स्कोअरपट्टीवर मऊ कड छान दिसते. डीटीएफला (फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवायची पद्धत) तीच नडते, कारण अर्धपारदर्शक पिक्सेलखालीही पांढरी शाई पडते, ती विरळ ठिपक्यांची, आणि त्यावर चिकटवायची पावडर नीट धरत नाही. तिथे लेयर, ट्रान्सपरन्सी, ‘थ्रेशोल्ड अल्फा’ 0.5 वर चालवून कड सरळ कापून टाकतो. मात्र चित्र मोठं हवं, नाहीतर पायऱ्या दिसतात. सब्लिमेशनमध्ये (उष्णतेने शाई कापडात मुरवायची पद्धत) पांढरी शाईच नसते. वाघाचे दात कापडाच्या रंगाचे होतात, म्हणून रंगीत तयार टी-शर्टवर तो प्रकार नको.

प्रिंटरला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा जेपीजी होतो आणि मागचा चौकोन परत येतो, कधी पांढरा, कधी काळा. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फाइलचं नाव बदलून पुढे ‘.पीएनजी’ लिहिल्याने काहीही होत नाही.