आयर्विनला किती फूट?

‘तू बँकॉकला मजेत आहेस, तुला काय पुराचं!’ गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एका नातेवाइकांनी हे लिहिलं आणि ते मला फार लागलं. म्हणून आज लिहायला बसलेय.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीच्या पोरासोरांनाही पाठ असतं. नदीकाठच्या गावभागातल्या माणसाची झोप ३५ लाच उडते. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर अर्ध्या भागात ऑफिसचं काम आणि अर्ध्या भागात पाणीपातळी होती. इथलं घड्याळ दीड तास पुढे. पुण्याची दहाची मीटिंग मला साडेअकराला पडते, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. त्या सकाळी दादा व्हिडिओ कॉलवर घरभर फिरत होता आणि मी एकेक सांगत होते. फ्रिज विटांवर चढव. सिलिंडरचा रेग्युलेटर काढ आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांध, नाहीतर तरंगत जाऊन दार अडवतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्याची तपकिरी रेघ आमच्या माजघराच्या भिंतीवर दोनदा रंग देऊनही वर येते. कागदपत्रांची ट्रंक त्या रेघेच्या वर गेलेली डोळ्यांनी बघितली, तेव्हा कुठे मी फोन ठेवला. आई तयार नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत तिला मावशीकडे विश्रामबागला पोचवलं.

२०१९ ला मी पुण्यात होते. एवढी जवळ असून पेठ नाक्याच्या पुढे जाता येईना. घरचे फोन बंद, आणि मी पुण्यात टीव्हीसमोर बसून. यंदा समुद्रापलीकडून जेवढं करता आलं, तेवढं तेव्हा पुण्यातून झालं नव्हतं. लांब गेली म्हणून सुटली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. मला इथे एका खेपेला १८० दिवस राहता येतं. तेवढे राहीन आणि परत येईन.

दुसरा राग ‘बँकॉक बघा, नाहीतर आपली सांगली!’ म्हणणाऱ्यांचा. इथे संध्याकाळचा पाऊस कोसळला की सुकुमवितच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. ऑफिसातल्या बायका चपला हातात घेऊन शांतपणे चालत जातात, नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले त्याच पाण्यातून सवारी नेतात. पंप लागतात, पाणी कालव्यांत आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून नदीकडे जातं आणि दोनेक तासांत रस्ता मोकळा. हे खरंच वाखाणण्यासारखं आहे, मनापासून म्हणते. पण ते पावसाचं पाणी. आपल्याकडे नदीच घरात येते, आठवडाभर मुक्काम करते आणि जाताना वीतभर गाळ ठेवून जाते. पंप लावून ते कुठे उपसायचं?

आणि बँकॉकलाही नदीचा पूर येऊन गेलाय. हे मला गल्लीच्या तोंडाशी भात-रस्सा विकणाऱ्या मावशींकडून कळलं. त्या दिवशी जेवण पुढ्यात तसंच पडलं होतं, तर त्यांनी विचारलं. मी आयर्विनचा फोटो दाखवला. फोनवरच्या भाषांतरातून त्यांनी सांगितलं, माझं घर बँकॉकला लागून असलेल्या नोंथाबुरीत, बांग बुआ थोंगला. २०११ ला महिन्याहून जास्त पाण्यात होतं. वर भूमिबोल धरण, आपल्या कोयनेच्या चौपटीहून मोठं. त्या वर्षी तेही तुडुंब भरलं. डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला, पण सिलोम आणि सुकुमवित कोरडे राहिले, कारण शहराच्या उत्तरेला वाळूच्या प्रचंड पोत्यांची भिंत घातली होती. भिंतीबाहेरच्या लोकांचं पाणी हलेना. शेवटी काही ठिकाणी लोकांनीच जाऊन पोती फोडली. हे सांगताना मावशींचा आवाज चढला होता. मग त्यांनी माझं ताट उचललं, गरम भात वाढून पुन्हा समोर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

मी राहते ती सुकुमवितची गल्ली त्या भिंतीच्या आतली. माझं सांगलीचं घर मात्र बाहेरच्यांतलं, म्हणून मला मावशींचं पटतं. कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या आलमट्टी धरणाची उंची वाढवून पाणीपातळी ५१९ मीटरवरून ५२४ करायची भाषा चालू आहे. त्याच्या अडवलेल्या पाण्याचा फुगवटा सांगलीपर्यंत पोचतो की नाही, यावर तज्ज्ञांनी हवं तेवढं भांडावं. पण पाणी अडवायचं कुठे आणि सोडायचं कधी हे ठरतं, तेव्हा गावभागातलं, सूर्यवंशी प्लॉटमधलं, कर्नाळ रोडवरचं कुणीतरी तिथे बसलेलं असायला हवं. बँकॉकने बांग बुआ थोंगला विचारलं नाही. आपल्यालाही कुणी विचारत नाही.

आज सकाळी पाणी ३६ फुटांवर उतरलंय. आईला घरी जायची घाई झालीय आणि अजून दोन दिवस थांब म्हणून मी तिच्याशी भांडतेय.