मला १९४१ पाहिजे

आमच्या गल्लीत टीम पाडायची पद्धत सोपी होती. दोन कॅप्टन, एक छापा-काटा आणि मग आळीपाळीने एकेक नाव. शेवटी उरायचं ते कच्चं लिंबू, त्याला कीपिंगला उभं करायचं. हे शिक्षण चाळिशीनंतर न्यू जर्सीत एका बेसमेंटमध्ये उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

ऑफिसातले आम्ही आठ जण दर हिवाळ्यात बेसबॉलची लीग खेळतो. मैदान म्हणजे एक टेबल, खेळाडू म्हणजे कार्डं, आणि खेळाडूंपैकी बरेचसे दिवंगत. खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थांनी तो १९६१ मध्ये बाजारात आणला. तीन फासे टाकायचे. ठरलेल्या एका फाशावर एक ते तीन पडलं तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, चार ते सहा पडलं तर पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरच्या. नेमकं काय घडलं ते उरलेल्या दोघांची बेरीज सांगते. कार्डावरचे आकडे बहुधा त्या खेळाडूच्या एकाच सीझनवरून बेतलेले असतात. त्यामुळे आपण माणूस निवडतच नाही, त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष उचलतो.

यंदा टीम पाडायच्या दिवशी बाबा इथेच होते, सांगलीहून आलेले. चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसले आणि नियम ऐकून म्हणाले, "म्हणजे सारीपाटच की रे."

माझा नंबर पाचवा. बेब रूथचं १९२७, साठ होम रनवालं (होम रन म्हणजे बेसबॉलमधला षटकार), पहिल्याच झटक्यात गेलं. मी मात्र टेड विल्यम्सचं १९४१ मनात धरून बसलो होतो. ते माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी इतका मोठ्याने ओरडलो की वरून बायकोने विचारलं, काय सांडलं?

त्या वर्षाची गोष्ट बाबांना सांगणं भाग होतं. सीझनचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फिया, एका दिवसात दोन मॅच. विल्यम्सची सरासरी, म्हणजे दर संधीमागे हिट, .३९९५५. तीन आकड्यांत धरली तर .४०० च. मॅनेजर म्हणाला, हवं तर बाहेर बस. हा तेवीस वर्षांचा पोरगा दोन्ही मॅच खेळला, आठांत सहा हिट मारल्या आणि .४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये, म्हणजे आजच्या मेजर लीगच्या दोन्ही शाखांत, पूर्ण सीझनभर .४०० ची सरासरी कुणीही राखलेली नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. "आणि आपले भाऊसाहेब निंबाळकर बघ. त्यांना खेळायचं होतं, तर समोरचेच मैदान सोडून गेले."

खरं आहे. १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊच कमी होत्या, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मॅचच सोडून दिली. पुढे कसोटी एकही मिळाली नाही. बाबा हे अशा सुरात सांगतात की जणू काल संध्याकाळचीच गोष्ट.

पिचरवरून मात्र आमचं एकमत झालं. बॉब गिब्सनचं १९६८ शिल्लक होतं, नऊ इनिंगला सरासरी १.१२ धावा. पण ते वर्षच पिचरांचं होतं. पुढच्या सीझनला पिचरच्या पायाखालचा उंचवटा पंधरावरून दहा इंचांवर आणावा लागला. पेड्रो मार्टिनेझने २००० मध्ये १.७४ दिल्या, त्याच्या लीगची सरासरी पाचाच्या घरात असताना. "पाटा विकेटवर विकेटा काढणारा तो खरा," बाबा म्हणाले. पेड्रो घेतला. गिब्सन शेजारच्या टीमकडे गेला.

नंतर मी थोडा वाहवत गेलो. फ्रँक बेकर हा केवळ नावासाठी घेतला, लोक त्याला 'होम रन' बेकर म्हणत. १९१३ मध्ये त्याने बारा होम रन मारले आणि तेवढ्यावर तो आपल्या लीगमध्ये पहिला आला. चेंडू मऊ पडेपर्यंत तोच वापरायचा जमाना होता तो. पण या हौसेत कॅचर, म्हणजे बेसबॉलचा कीपर, राहूनच गेला. जॉनी बेंच गेलेला, योगी बेरा गेलेला. जॉश गिब्सन दुसऱ्याच फेरीत गेला होता. हा कृष्णवर्णीय कॅचर गोऱ्यांच्या लीगमध्ये कधी खेळू शकला नाही आणि जॅकी रॉबिन्सन ते दार उघडण्याच्या तीन महिने आधी, १९४७ च्या जानेवारीत वारला. त्याचे आकडे मेजर लीगने २०२४ मध्ये आपल्या वहीत घेतले, आणि अख्ख्या कारकिर्दीची .३७२ सरासरी घेऊन तो तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या थेट वर जाऊन बसला. वहीच उशिरा उघडली, तर फासे बिचारे काय करणार!

मला मिळाला एक कुणीही न ऐकलेला कॅचर. कच्चं लिंबू, आणि कीपिंगलाच.

पहिलीच मॅच बॉब गिब्सनवाल्याशी. नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट, समोर विल्यम्स. मी फासे बाबांच्या हातात दिले. त्यांनी ते तोंडाजवळ नेऊन फुंकले आणि टाकले. दोन टेबलावर राहिले, तिसरा हीटरखाली घरंगळला. वाकून बघितलं तर पाच. म्हणजे गिब्सनचं कार्ड. आणि कार्डावर स्ट्राइकआऊट, म्हणजे बॅटर बाद.

"खाली पडलेला धरत नाहीत," बाबा मराठीत म्हणाले.

समोरच्याला एक अक्षर कळलं नसणार, पण सूर कळला. त्याने मुकाट्याने फासा उचलून परत दिला.

बाबांनी पुन्हा टाकला. पुन्हा पाच.