जॉब ऑफरचे पॉइंट्स गेले. एक्स्प्रेस एंट्रीचा स्कोअर आता कुठून वाढवायचा?

एक्स्प्रेस एंट्री ही कॅनडात कायम निवासासाठी (पीआर) माणसं निवडण्याची पद्धत. तिच्यात २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरला सीआरएसचे, म्हणजे उमेदवारांची क्रमवारी लावणाऱ्या स्कोअरचे, पॉइंट्स मिळत नाहीत. त्याआधी साध्या नोकरीच्या ऑफरला ५० आणि वरिष्ठ व्यवस्थापनातल्या पदाला २०० मिळायचे. पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, बसलेल्या ज्यांच्या प्रोफाइलवर ऑफर होती त्यांचे स्कोअर खाली आले. ज्यांना आयटीए, म्हणजे अर्जाचं आमंत्रण, आधीच आलेलं होतं त्यांना काही फरक पडला नाही. हा उपाय तात्पुरता आहे असं सरकारने जाहीर करताना म्हटलं होतं, पण त्या भरवशावर कुणी बेत आखू नये.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशी कामगार घ्यायला मालकाला जे एलएमआयए, म्हणजे सरकारी मंजुरीचा कागद, काढावं लागतं, त्याची उघड उघड विक्री चालली होती. ५० पॉइंट्सने आयटीए मिळतो की हुकतो हे ठरत असेल तर त्या कागदाला भाव येणारच. आता सीआरएससाठी त्याची किंमत शून्य आहे. तरीही ‘एलएमआयए करून देतो, पीआर पक्की’ असं सांगणारे एजंट अजून आहेतच. ऑफर अगदीच निरुपयोगी झालेली नाही, हे खरं. फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेच्या (कॅनडाबाहेरच्या अनुभवावर येणारे बहुतेक इथूनच येतात) पात्रतेच्या तक्त्यात तिचे १० गुण अजून आहेत, ट्रेड्सच्या म्हणजे कुशल कारागिरांच्या योजनेत ती चालते, एका मालकाशी बांधलेल्या वर्क परमिटसाठी तर लागतेच. पण विकत घेतलेली ऑफर पकडली गेली तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येते, आणि तेवढ्या काळात वयाचे किती पॉइंट्स जातात ते पुढे येईलच.

आधी एक गोंधळ मिटवू. फेडरल स्किल्ड वर्करचा १०० पैकी ६७ हा आकडा फक्त आत शिरण्यापुरता. तो वय, शिक्षण, भाषा, अनुभव वगैरेंवर निघतो आणि एकदा ६७ झाले की विषय संपला. ८० असले तरी जास्तीचं काही पदरात पडत नाही. खरी चढाओढ १२०० च्या सीआरएसवर, आणि तिथले नियम वेगळे आहेत.

सीआरएसचा तक्ता जिन्यासारखा आहे: अर्धी पायरी चढलात तर काहीच मिळत नाही, पूर्ण चढलात की एकदम उंची वाढते. आणि सगळ्यात उंच पायरी भाषेची आहे.

उदाहरण घेऊ. वय ३३, अविवाहित, मास्टर्स, कॅनडाबाहेर तीन वर्षांहून जास्त अनुभव, कॅनडातला अनुभव नाही. वयाचे ८८, शिक्षणाचे १३५. इंग्रजीत चारही भागांत (ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं) सीएलबी, म्हणजे कॅनडाची भाषेची मोजपट्टी, तिच्यावर ९ असेल तर प्रत्येकी ३१ म्हणजे १२४. शिवाय ‘स्किल ट्रान्स्फरेबिलिटी’ नावाच्या रकान्यात शिक्षण आणि भाषा या जोडीचे ५०, अनुभव आणि भाषा या जोडीचे ५०. बेरीज ४४७.

आता आयईएलटीएसमध्ये फक्त लेखन ७ ऐवजी ६.५ आलं असं धरा. लेखनाचे ३१ चे २३ होतात, म्हणजे आठ पॉइंट्स गेले. पण ट्रान्स्फरेबिलिटीच्या पूर्ण पन्नासासाठी चारही भागांत सीएलबी ९ लागतो. एक भाग खाली आला की दोन्ही जोड्या ५० वरून २५ वर येतात. स्कोअर ३८९. अर्ध्या बँडने ५८ पॉइंट्स गेले, म्हणजे जॉब ऑफरला मिळायचे त्याहून जास्त.

यातही आयईएलटीएसची एक खोच आहे. सीएलबी ९ साठी वाचन, लेखन आणि बोलणं यांत ७ पुरतात, पण ऐकण्यात ८ लागतात. त्यामुळे एकूण बँडकडे बघून काही कळत नाही. ऐकणं ७.५, वाचन ९, लेखन ७.५, बोलणं ७.५ असा निकाल असेल तर एकूण बँड ८ येतो, बघायला झकास, पण ऐकण्यात सीएलबी ८ च राहतो आणि आपल्या उदाहरणातला स्कोअर ३९८ वर अडकतो. उलट ऐकणं ८ आणि बाकी तिन्ही ७ असतील तर एकूण बँड ७.५, आणि स्कोअर ४४७. तेव्हा तयारी करताना ‘एकूण साडेसात हवेत’ असं लक्ष्य ठेवू नका, चार वेगळी लक्ष्यं ठेवा. चारही गुण एकाच परीक्षेच्या एकाच बैठकीतले लागतात. या वेळचं लेखन आणि मागच्या वेळचं वाचन अशी मोट बांधता येत नाही. लेखनात वारंवार ६.५ वरच गाडी अडत असेल तर सेल्पिप किंवा पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षा करून बघायला हरकत नाही, पीटीई कोअर २०२४ पासून चालते. आयईएलटीएस देणार असाल तर जनरल ट्रेनिंगच द्या. अकॅडेमिकचा निकाल इथे धरत नाहीत. निकाल दोन वर्षं चालतो आणि तो प्रोफाइल भरताना तसाच पीआरचा अर्ज करतानाही जिवंत असावा लागतो.

दुसरी दुर्लक्षित पायरी शिक्षणाची. मास्टर्स असेल तर इथे करण्यासारखं फार काही नाही. फक्त तीन-चार वर्षांची पदवी असेल तर १२० अधिक सीएलबी ९ सोबतचे २५, असे १४५ होतात. पण पदवीनंतर एक वर्षाचा डिप्लोमा केलेला असेल आणि मूल्यांकनात तो निदान एका वर्षाच्या कॅनडियन पात्रतेइतका ठरला, तर ‘दोन किंवा अधिक पात्रता’ हा रकाना लागतो: १२८ अधिक ५०, म्हणजे १७८. तेहेतीस पॉइंट्सचा फरक, आणि तोही बऱ्याचदा कपाटात पडून असलेल्या प्रमाणपत्राचा. यासाठी दोन्हींचं ईसीए, म्हणजे परदेशी शिक्षणाचं हे मूल्यांकन, लागतं. मूल्यांकन संस्थेला मार्कशीट बहुधा विद्यापीठाकडून थेट जावी लागते आणि सगळा वेळ तिथेच जातो, म्हणून हे काम भाषेच्या परीक्षेच्या आधी सुरू करावं. ईसीए पाच वर्षं चालतं.

कॅनडाबाहेरच्या अनुभवाबद्दल फार गैरसमज आहे. सीआरएसमध्ये तो तीन वर्षांवर थांबतो. सहा असोत की बारा, पॉइंट्स तेवढेच. आणखी दोन वर्षं नोकरी करून मग अर्ज करू असं म्हणणारा माणूस त्या दोन वर्षांत मिळवत काही नाही, वयाचे पॉइंट्स मात्र घालवतो. अविवाहिताला २९ पर्यंत ११० मिळतात, ३० ला १०५, ३५ ला ७७, ४० ला ५० आणि ४५ ला शून्य. तिशीत दर वाढदिवसाला पाच-सहा जातात. चाळिशी ओलांडली की थेट अकरा. वाढदिवसाच्या दिवशी सिस्टीम आपणहून स्कोअर कमी करते, तुम्हाला काही करावं लागत नाही.

कॅनडातल्या अनुभवाचा हिशोबही कागदावर मांडून बघावा. आपल्या ३३ वर्षांच्या उदाहरणात तिथे एक वर्ष काम झालं की ४० मिळतात. ट्रान्स्फरेबिलिटीचे १०० आधीच भरलेत, तिथे वाढ नाही. दरम्यान वय ३४ झालं, पाच गेले. स्कोअर ४८२. दुसऱ्या वर्षी ४० चे ५३ होतात आणि वयाचे आणखी सहा जातात. २०२५ मध्ये कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लासच्या, म्हणजे कॅनडातल्या अनुभवावरच्या योजनेच्या, ड्रॉचे (आमंत्रणांच्या फेऱ्यांचे) कटऑफ ५०० च्या वरच राहिले. म्हणजे ‘एकदा तिथे पोचलो की होईल आपोआप’ हे गृहीत धरण्यासारखं नाही. शिवाय पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं काम आणि स्वतःचा व्यवसाय या क्लाससाठी मोजत नाहीत. पाहिजे ते पगारी, टीईईआर (कामांच्या कॅनडियन वर्गवारीतले गट) ० ते ३ मधलं, १,५६० तासांचं काम.

मग उरतं काय? फ्रेंच. चारही भागांत एनसीएलसी (सीएलबीसारखीच फ्रेंचची मोजपट्टी) ७ आणि इंग्रजी सीएलबी ५ किंवा वर असेल तर ५० चा बोनस, अधिक दुसऱ्या भाषेचे प्रत्येकी ३ म्हणजे १२. एकूण ६२. आपलं ४४७ चं उदाहरण देश न सोडता ५०९ वर जातं. पण खरा फायदा वेगळाच आहे: फ्रेंचसाठी स्वतंत्र ड्रॉ होतात आणि त्यांचे कटऑफ खूप खाली असतात. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच ड्रॉचा कटऑफ ३७९ होता आणि त्यात ७,५०० जणांना आमंत्रणं गेली. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. डेल्फ या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. एनसीएलसी ७ म्हणजे साधारण बी२ पातळी, युरोपीय मोजणीत मध्यमाच्या वरची. शून्यापासून तिथवर जायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, आणि इथेही एक भाग ६ वर राहिला तर बोनस पूर्ण जातो. तीन महिन्यांत बी२ करून देणारे क्लास आणि एलएमआयए विकणारे एजंट, माझ्या मते दोघे एकाच जातकुळीचे.

२०२३ पासून कॅटेगरीनुसारही ड्रॉ होतात आणि त्यांची यादी सरकार बदलत असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राची कॅटेगरी आली आणि वाहतूक गेली. आपल्याकडच्या लोकांना झोंबलं ते स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतलं: सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटा सायंटिस्ट, वेब डेव्हलपर यादीतून बाहेर; सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल इंजिनिअर आणि सायबर सिक्युरिटीवाले आत. इन्शुरन्स एजंटही आत, तेही स्टेममध्ये! तेव्हा ‘आयटीवाल्यांना स्टेमचा ड्रॉ लागतो’ असं सांगणारा जुना व्हिडिओ बघून बसू नका. आपला पाच आकडी एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसायांच्या वर्गवारीतला आपल्या कामाचा क्रमांक) यादीत आहे का ते त्या वर्षीच्या अधिकृत यादीत पाहायचं, आणि कमीत कमी किती महिन्यांचा अनुभव लागतो हेही तिथेच.

प्रांताच्या नॉमिनेशनला अजूनही ६०० मिळतात, म्हणून पीएनपीच्या (प्रांतांच्या या नॉमिनेशन योजनेच्या) ड्रॉचे कटऑफ सातशेच्या आसपास दिसतात. ते बघून घाबरायचं कारण नाही. फक्त नॉमिनेशन एक्स्प्रेस एंट्रीशी जोडलेलं आहे ना ते बघा. ‘बेस’ प्रकारच्या नॉमिनेशनला हे ६०० मिळत नाहीत, त्याचा अर्ज वेगळ्या वाटेने जातो. २०२५ साठी प्रांतांचा कोटा जवळपास निम्म्यावर आणला गेला, हेही लक्षात असू द्या.

विवाहित असाल तर दोघांचे दोन स्कोअर काढा, एकदा नवरा मुख्य अर्जदार धरून, एकदा बायको. घरात ज्याचा पगार जास्त त्याचाच स्कोअर जास्त असं काही नसतं. तीन वर्षांनी लहान आणि इंग्रजी चांगलं असलेली व्यक्ती बहुतेक वेळा पुढे निघते. जोडीदाराचे ४० पर्यंत पॉइंट्स मिळतात, पण त्यातले २० भाषेचे आहेत आणि जोडीदाराने परीक्षाच दिली नाही तर ते शून्य. जोडीदाराला ‘सोबत येणार नाही’ असं दाखवून अविवाहिताचा तक्ता लावून घेण्याची युक्ती काही जण सुचवतात. खरोखर सोबत जायचं असेल तर ती खोटी माहितीच ठरते. आणि घरातल्या कुणाचं नावच अर्जात दिलं नाही, तर नंतर त्या व्यक्तीला फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करायची वाट बंद होते.

आयटीए आला की ६० दिवस हातात असतात. त्यात सगळ्यात जास्त रडवतं ते रेफरन्स लेटर. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, कामाचं स्वरूप, आणि सही करणाऱ्याचं नाव व संपर्क, इतकं सगळं लागतं. एचआर बहुधा ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते’ एवढ्या दोन ओळी देतं. कामाचं वर्णन एनओसीच्या पानावरून शब्दशः उतरवू नका, तपासणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. प्रत्यक्ष करता ती कामं लिहा आणि त्यातली बरीचशी एनओसीशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर कोड चुकलाय.

पैशांचा पुरावा कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लासला लागत नाही, फेडरल स्किल्ड वर्करला लागतो. जुलै २०२५ च्या तक्त्यात एकट्याला १५,२६३ कॅनडियन डॉलर, चौघांच्या कुटुंबाला २८,३६२. आकडे दरवर्षी बदलतात. बँकेच्या पत्रावर खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कर्ज असेल तर तेही हवं. आयटीएच्या आठवड्यात मामाकडून आलेली एकरकमी ठेव सरासरीत लगेच उघडी पडते. उसने पैसे आणि घराची किंमत धरत नाहीत.

२१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाच्या आधीच उरकावी लागते, ठरलेल्या पॅनेल डॉक्टरकडे (कॅनडा सरकारने मान्य केलेल्या डॉक्टरकडे), आणि सोबत न येणाऱ्या कुटुंबीयांचीसुद्धा. म्हणजे ६० दिवसांत हेही आलं. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने राहिलात तिथला पोलीस क्लिअरन्सही लागतो. काही देशांचा यायला महिने लागतात, तो आयटीएची वाट न बघता मागवून ठेवावा.

आणि आयटीए आल्या दिवशी पैसे भरण्याआधी स्कोअर पुन्हा हाताने मोजा. भाषेचा निकाल मध्येच संपला असेल, डिप्लोमा मूल्यांकनात एका वर्षापेक्षा कमी ठरला असेल, अनुभवाचे महिने चुकून जास्त धरले असतील, आणि खरा स्कोअर त्या ड्रॉच्या कटऑफखाली येत असेल, तर आमंत्रण नाकारा. नाकारलं की प्रोफाइल पूलमध्ये परत जातं. तसंच पुढे रेटलं तर अर्ज नामंजूर होतो. काहीच न करता मुदत जाऊ दिली तर प्रोफाइलही जातं आणि नवं भरावं लागतं. त्यावर नवी तारीख पडते, आणि कटऑफवर समान स्कोअर असतील तेव्हा जुनी तारीख असलेल्यालाच आधी आमंत्रण जातं.