कुंडीतली चिलटं अखेर कशी गेली

गेल्या जुलैत घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात चहाच्या कपात रोज एखादं चिलट सापडायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, केळी झाकून ठेव." केळी झाकली, चिलटं तशीच. मग एका सकाळी मनी प्लांटला पाणी घातलं आणि मातीतूनच सात-आठ भुर्रकन उडाली.

पिवळे चिकट सापळे लावले. दोन दिवसांत काळ्या ठिपक्यांनी भरले, पण घरातली चिलटं काही कमी होईनात. सापळ्याला चिकटतात ती उडणारी. अळ्या ओल्या मातीच्या वरच्या एक-दोन इंचांत राहून बुरशी आणि कोवळी मुळं खातात. खात्री करायला बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी उलटली, तर खाली पाच अळ्या! दोऱ्यासारख्या, आरपार दिसणाऱ्या, आणि डोकं तेवढं काळं चकचकीत. अंगावर काटा आला.

सूत्रकृमींचा, म्हणजे अळ्यांना मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, उपाय वाचला होता, पण त्यातल्या स्टायनरनेमा फेल्टीला गार माती लागते. ठाण्याच्या उकाड्यात नको म्हटलं. मग बीटीआय आणलं. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला हा जिवाणू, डासांच्या अळ्यांवर वापरतात तोच. अळीने गिळला की त्याचे प्रथिनांचे स्फटिक तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याचं अस्तर फाटतं.

"तुळशीला घालू नकोस हं, मी पानं खाते," सासूबाईंची काळजी रास्त होती. आपल्या पोटात आम्ल असतं, तिथे तो विषारी ठरत नाही, हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच तुळशीची कुंडी पुढे केली. पानं मात्र धुऊनच खायची, असं ठरलं.

पाकिटावरच्या मात्रेने एकदा घातलं आणि थांबले. तिथेच चुकले. दहा-बारा दिवसांत चिलटं परत! अंडी आणि कोष यांवर बीटीआयचा काही परिणाम होत नाही. त्यांतून नवी पिढी निघतेच, आणि हे सगळं चक्र तीन-चार आठवड्यांचं. मग दर रविवारी, सलग पाच वेळा घातलं. मधल्या दिवसांत बोट खुपसून बघायचं, वरची माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. कुंडीखालच्या बशा रोज रिकाम्या केल्या. पावसाळी हवेत माती सुकायला चार-चार दिवस लागत. हेच सगळ्यात जिकिरीचं.

गणपतीच्या आदल्या दिवशी चकती उलटली. खाली नुसता बटाटा. आता नर्सरीतून आणलेलं रोप तीन आठवडे बाल्कनीत वेगळं ठेवते, चकतीसकट.